आय-पेस उघडून बघू या : बॅटरीभोवती बांधलेली गाडी

राऊकर
शनिवार, रात्री १०.४०

मंडळी नमस्कार. या धाग्याला कारण आमचा मेहुणा. त्याला २०२१ सालची जग्वार आय-पेस ही इलेक्ट्रिक गाडी मिळते आहे, सेकंडहँड, इंदुरातलीच, एकाच मालकाच्या हातची. त्याचं कापडाचं दुकान आहे आणि गाडीतल्या त्याला दोनच गोष्टी कळतात, रंग आणि भाव. मी पिथमपुरात टूलरूममध्ये बावीस वर्षं काढली म्हणून सासुरवाडीची समजूत अशी, की जिजाजींना गाडीतलं सगळं कळतं. मला डाय, म्हणजे पत्रा दाबून आकार देणारा साचा, कळते हो, गाडी नाही. पण गेलो.

गाडी लिफ्टवर घेतली, खाली शिरलो आणि बघायला काही नाहीच! सवयीनं नजर सायलेन्सर शोधते, गिअरबॉक्स शोधते, चेंबरला तेलाचा ओघळ आहे का ते बघते. इथे पुढच्या चाकांपासून मागच्या चाकांपर्यंत एक सपाट पाट आणि कडेनं बोल्टांची रांग. तिथला पोरगा म्हणाला, ‘सर, हीच बॅटरी.’ सहाशे किलोंची. माझी पहिली मारुती ८०० अख्खी तोलली असती तरी याच्या थोडीच वर भरली असती.

मग दोन रात्री वाचत बसलो. जे समजलं ते टाकतो, चुकत असेल तर कान धरा.

आपण एरवी म्हणतो, गाडीत बॅटरी बसवली. इथे उलटं आहे. बॅटरीचा पाट आधी ठरला आणि त्याच्या चार कोपऱ्यांना चाकं लावली. जग्वारचीच पेट्रोल-डिझेलवाली एफ-पेस घ्या : लांबी ४,७३१ मिलिमीटर, दोन आसांतलं अंतर २,८७४. आय-पेस तिच्याहून आखूड, ४,६८२, पण आसांतलं अंतर २,९९०. म्हणजे गाडी लहान आणि चाकं एकमेकांपासून जास्त लांब. पुढे इंजिन नाही म्हणून काच पुढे सरकवली, बॉनेट कापून आखूड केलं. आत बसल्यावर मागच्या सीटवर माझे गुडघे कशालाही लागले नाहीत आणि मी सहा फुटी आहे. बॉनेटखाली मात्र २७ लिटरची डबी. दोन किलो सेव आणि चार्जिंगची वायर, झालं.

इयन कॅलम तेव्हा जग्वारचे डिझाइनप्रमुख. संकल्पना-गाडी नोव्हेंबर २०१६मध्ये लॉस एंजेलिसला दाखवली आणि विकायची गाडी १ मार्च २०१८ला आली. दोघींचे फोटो शेजारी ठेवून बघा, रेघ जवळपास तीच आहे. आमच्या धंद्यातल्या माणसाला हे खरं वाटत नाही. प्रदर्शनातली रेघ पत्र्यात उतरवायला बसलं की डाय रडते, मग डिझाइनवाल्यांशी भांडण होतं आणि शेवटी रेघच मवाळ होते. इथे कुणीतरी ते भांडण जिंकलं.

बॉडी ९४ टक्के ॲल्युमिनियमची. रिव्हेट आणि गोंद, आपलं नेहमीचं स्पॉट वेल्डिंग नाही. आणि बॅटरीची पेटी नुसती लटकवलेली नाही, ती सांगाड्याचाच भाग आहे. अख्खी बॉडी एक अंश पिळायला ३६,००० न्यूटन-मीटर लागतात. लिफ्टवर असताना चारही दारं उघडून लावून पाहिली. जमिनीवर लागत होती तशीच लागली. हे प्रत्येक गाडीत होत नाही.

आता प्रश्न. ही एवढी बॅटरी आतून असते कशी? आणि पाच वर्षं जुनी बॅटरी घेताना बघायचं काय? लोकमान्यनगरच्या ताई इथे आहेत, त्यांची वाट बघतो.

भियाजी
शनिवार, रात्री ११.०५

भिया, एक कोटीची गाडी आणि पहिला विचार सेव ठेवायचा. पक्का इंदुरी! मेहुण्याला विचारा, छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत लावायला जागा मिळेल का? बाकी मला काही कळत नाही, मी वाचून राहिलो आहे.

लोकमान्यनगरची
रविवार, सकाळी ८.१५

राऊकर, मी सध्या पुण्यात सेलच्याच कामात आहे, माहेर लोकमान्यनगर. नाव ठेवलं तेव्हा वाटलं नव्हतं की कुणी ‘ताई’ म्हणून हाक मारेल.

आतली रचना सोपी आहे. एलजी केमचे ४३२ पाउच सेल. पाउच म्हणजे चांदीच्या पाकिटातल्या सुपारीसारखं, सपाट, मऊ पाकीट. बारा-बारा पाकिटांचं एक मॉड्यूल, अशी ३६ मॉड्यूल. एका मॉड्यूलमध्ये चार सेल समांतर जोडून एक गट, असे तीन गट एकामागे एक. म्हणजे पूर्ण बॅटरीत १०८ गट मालिकेत. एका गटाचा सरासरी दाब ३.६ व्होल्ट धरा, १०८नं गुणा, ३८८ व्होल्ट येतात. सेल ५८ अँपिअर-तासांचा, ३.६ व्होल्टचा, असे ४३२ सेल, गुणून बघा : ९० किलोवॅट-तास. कागदावरचा आकडा असा बनतो. त्यातले वापरायला साधारण ८५ मिळतात. वरचा आणि खालचा थोडा भाग सॉफ्टवेअर राखून ठेवतं, सेल म्हातारे होऊ नयेत म्हणून.

पाउच का घेतले? जागा. गोल सेल रचले की मधे मधे पोकळी राहते, पाकिटं वहीच्या गठ्ठ्यासारखी बसतात, आणि राऊकरांचा पाट पातळ ठेवायचा तर हेच सोयीचं. किंमत दुसरीकडे मोजावी लागते. पाकिटाला स्वतःची ताकद नसते, ते चार्ज होताना किंचित फुगतं, उतरताना बसतं, म्हणून मॉड्यूलची चौकट त्याला दाबून धरते. खाली थंड करायचं पाणी खेळवलेली पट्टी. मे महिन्यात इंदूर ४३ अंशांवर जातं तेव्हा गाडी उन्हात उभी राहून फास्ट चार्जिंगला लावलीत, तर हेच पाणी एसीच्या गॅसनं थंड करावं लागतं. फास्ट चार्जरवर गाडीतून घरघर ऐकू येते ती त्याची, बिघाडाची नव्हे. लोक उगाच घाबरतात.

पाच वर्षं जुन्या बॅटरीबद्दल संध्याकाळी लिहिते. ते चार ओळींत होणारं नाही.

डिझेलभक्त
रविवार, सकाळी ९.५०

सगळं गोड आहे, पण साधं गणित कुणी सांगत नाही म्हणून मी सांगतो. डिझेलच्या ६० लिटरच्या टाकीत सहाशे किलोवॅट-तास ऊर्जा असते. वजन पन्नास किलो. तुमच्या सहाशे किलोंच्या पाटात नव्वद. मी दर महिन्याला इंदूर-पुणे करतो, सेंधवा, धुळे, नाशिक. एक टाकी, एक जेवण, पोचलो. या बाईसाहेब २,१३३ किलोंच्या, माणसं बसायच्या आधी. ही इंजिनिअरिंगची कमाल की दुखणं झाकायला चढवलेला दागिना?

राऊकर
रविवार, सकाळी १०.२०

डिझेलभक्त, टाकीतले सहाशे खरे, पण चाकाला किती पोचतात? निम्म्याहून कितीतरी जास्त रेडिएटर आणि सायलेन्सरमधून माळव्याच्या हवेत जातात. इथे नव्वदातले बहुतेक चाकाला लागतात. तरीही तुमचा मुद्दा खोडता येत नाही, म्हणून तर या गाडीत वाऱ्याच्या मागे इतकी माणसं लागली. ग्रिलमधून आत शिरलेली हवा बॉनेटमधल्या फटीतून वर काढली आहे, ती काचेवरून आणि छपरावरून सरकत मागे जाते. मागची बाजू एकदम कापलेली. गरज नसेल तेव्हा पुढच्या झडपा मिटतात. हवेचं सस्पेन्शन असेल तर हायवेला वेग धरल्यावर गाडी १० मिलिमीटर खाली बसते. एवढं करून हवेच्या अडथळ्याचा गुणांक ०.२९, जितका कमी तितका चांगला. एसयूव्हीसारखी उंच दिसणारी गाडी आहे हे लक्षात ठेवा.

डब्ल्यूएलटीपी या युरोपातल्या प्रमाणित चाचणीत ४७० किलोमीटर मिळतात. पुणे एका चार्जमध्ये नाही, कबूल. धुळ्याच्या आसपास एक चहा जास्त.

वायरमनकाका
रविवार, दुपारी १.३०

बाळांनो, बॅटरीवर सगळे बोलून राहिले, मोटरला कुणी विचारत नाही. वीज मंडळात मी पस्तीस वर्षं मोटरींच्या संगतीत घालवली, तेव्हा हे माझ्याकडे.

दोन मोटरी, पुढे एक, मागे एक. प्रत्येकी १४७ किलोवॅट, मिळून ४०० अश्वशक्ती, ६९६ न्यूटन-मीटर. शून्य ते शंभर ४.८ सेकंद. हे आकडे कुणीही सांगेल. मला आवडली ती मांडणी. मोटरचा रोटर पोकळ आहे आणि चाकाकडे जाणारा शाफ्ट त्या पोकळीतून आरपार जातो. मोटर, ग्रहमालेसारखे फिरणारे गिअर आणि शाफ्ट, सगळे एकाच आसावर, केळीच्या खांबात खांब असावा तसे. एरवी मोटर एका बाजूला आणि शाफ्ट दुसऱ्या बाजूला ठेवावा लागतो, जागा खातो. इथे ती वाचली म्हणून केबिन मोठी झाली. ही रचना जग्वारनं स्वतः केली, बाहेरून आणली नाही.

गिअर एकच, ९.०४ला एक. आता पेन घ्या. टायरचा घेर २.३३ मीटर धरा. ताशी २०० किलोमीटरला मिनिटाला ३,३३३ मीटर, म्हणजे चाकाचे १,४३० फेरे. गुणिले ९.०४. मोटरचे जवळजवळ १३,००० फेरे झाले. ही मोटर तेवढीच फिरते, आणि गाडीही २००लाच अडवली आहे. आमच्या पंपाच्या मोटरी १,४४०वर फिरायच्या आणि तेवढ्यातच बेअरिंग ओरडायचं!

मोटर कायमचुंबकाची आहे. मर्सिडीजची ईक्यूसी आणि ऑडीची पहिली ई-ट्रॉन या इलेक्ट्रिक गाड्या इंडक्शनवाल्या, म्हणजे रोटरमध्ये कायमचा चुंबक नसलेल्या. इंडक्शन मोटर बंद केली की मोकळी फिरते, ओढ नसते. चुंबकवाली शहरात कमी वीज खाते, पण तिला सोडून दिलं तरी चुंबक आत ओढत राहतो. हे दुखणं जग्वारला पुढे कळलंच. फॉर्म्युला ई या इलेक्ट्रिक गाड्यांच्या शर्यतींच्या जोडीनं आय-पेस ई-ट्रॉफी नावाची शर्यत दोन मोसम भरवली, सगळ्या सारख्याच गाड्या. तिथे शिकून पुढच्या-मागच्या मोटरीत ताकद वाटायची पद्धत बदलली आणि २०१९च्या डिसेंबरात जुन्या ग्राहकांनासुद्धा नवं सॉफ्टवेअर दिलं. त्यात प्रत्यक्ष रस्त्यावर वीस किलोमीटरपर्यंत वाढ. लोखंड तेच, तांबं तेच, फक्त हिशेब बदलला.

माणिकबागवाली
रविवार, दुपारी ३.०५

काका, केळीचा खांब फार आवडला.

विषयांतर करू का थोडं? इंदुरात आलिशान गाडीचा विषय निघाला आणि इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर आठवले नाहीत असं कसं होईल? त्यांच्यासाठी १९३६ची ड्यूझेनबर्ग एसजे तयार झाली होती. चासी आणि सुपरचार्जरवालं आठ सिलिंडरचं इंजिन अमेरिकेचं, बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगची, मालक इंदूरचा. त्याच काळात एकार्ट मुथेसियस या जर्मन आर्किटेक्टनं इथे त्यांचा माणिकबाग महाल बांधला. म्हणजे ‘गाडीचं गाव कुठलं’ हा घोळ तेव्हाही होताच.

आय-पेसचं तेच. डिझाइन आणि मोटर इंग्लंडची, सेल कोरियन कंपनीचे, आणि गाडी जुळवली ऑस्ट्रियात, ग्राझला, मॅग्ना श्टायरच्या कारखान्यात. मालकी २००८पासून टाटांची. माझे सासरे म्हणतात ती देशी गाडी आहे. मी वाद घालत नाही.

डिझेलभक्त
रविवार, दुपारी ३.४०

स्वतःच्या कारखान्यात का नाही बांधली मग? विश्वास नव्हता?

राऊकर
रविवार, संध्याकाळी ५.१०

मला यातलं थोडं सांगता येईल, कारण हे टूलिंगचं दुखणं आहे. नवी लाइन टाकायची म्हणजे डाय, जिग, फिक्श्चर, रोबो, सगळा पैसा पहिली गाडी विकायच्या आधी मातीत घालायचा. गाड्या किती खपतील याची खात्री नसेल तर दोन वाटा उरतात. एक, जुन्याच गाडीच्या पायावर बॅटरी बसवा. मर्सिडीजनं ईक्यूसी जीएलसीच्या नात्यातली ठेवली आणि ब्रेमेनला पेट्रोल-डिझेलवाल्या भावंडांबरोबर एकाच लाइनवरून काढली. ऑडीनंही ई-ट्रॉनला आपल्या मोठ्या गाड्यांचाच पाया फिरवून घेतला. त्यात पैसा वाचतो, पण बॉनेट लांबच राहतं आणि केबिनच्या मजल्यावरचा, शाफ्ट जायच्या बोगद्याचा उंचवटाही अनेकदा तसाच. दुसरी वाट, पाया नवा करा आणि कमी संख्येत गाड्या जुळवून देणाऱ्याकडे जा. मॅग्ना मर्सिडीजची जी-क्लाससुद्धा जुळवते, त्यांचा तो धंदाच आहे.

मला विचाराल तर इंजिनिअर म्हणून जग्वारची वाट खरी. मुनीम म्हणून सांगता येत नाही. तिघींचाही अवतार संपला : ईक्यूसी २०२३मध्ये थांबली, ऑडीचा ब्रसेल्सचा कारखाना फेब्रुवारी २०२५मध्ये बंद झाला आणि आय-पेसही आता बनत नाही. आय-पेसला २०१९मध्ये युरोपची ‘कार ऑफ द इयर’ मिळाली, जगाची मिळाली, डिझाइनची आणि पर्यावरणाचीही मिळाली. पाटावर बसून ओवाळून घेतलं आणि गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात गेलं.

भियाजी
रविवार, संध्याकाळी ५.३०

अरे भिया, अमेरिकेत बिनड्रायव्हरची टॅक्सी फिरते ती हीच ना? गूगलच्या घरातली वेमोवाली? माझा भाचा बसला, म्हणाला स्टीअरिंग आपोआप फिरतं आणि कुणी पान थुंकायला काच खाली करत नाही.

लोकमान्यनगरची
रविवार, रात्री ९.१०

भियाजी, हीच. वेमोनं २०१८मध्ये वीस हजारांपर्यंत आय-पेस घ्यायचं जाहीर केलं होतं. एवढ्या घेतल्या नाहीत, पण त्यांच्या टॅक्सीचा चेहरा हाच झाला.

आता जुन्या बॅटरीचं. राऊकर, इथे गोड बोलून चालणार नाही. अमेरिकेत २०२३मध्ये सहा हजारांवर आय-पेस परत बोलावल्या, बॅटरी तापून आग लागू शकते म्हणून. पहिला उपाय सॉफ्टवेअरचा, जे सेलवर नजर ठेवील. २०२४मध्ये २०१९ मॉडेलच्या २,७६० गाड्यांना पुन्हा बोलावलं आणि चार्जिंग ८० टक्क्यांवर अडवलं. ज्यानं ९० किलोवॅट-तासांचे पैसे दिले त्याला त्याहून कमी वापरायला सांगितलं, असाच अर्थ झाला.

सेलमध्ये असं काय होतं ते सांगते, कारण हे फक्त एका गाडीचं नाही. जनरल मोटर्सच्या बोल्टमध्येही एलजीचेच पाउच सेल होते आणि २०२१मध्ये कंपनीनं सगळ्याच बोल्ट परत बोलावल्या, १ लाख ४० हजारांच्या घरात. तिथे कारण जाहीर झालं : काही सेलमध्ये ॲनोडची पट्टी फाटलेली आणि विभाजकाला घडी पडलेली, दोन्ही दोष एकाच सेलमध्ये. विभाजक म्हणजे धन आणि ऋण थरांमधला पडदा. त्याची जाडी पंधरा-वीस मायक्रॉन. राऊकर, तुमच्या टूलरूममध्ये हा आकडा रोजचा असेल. फरक असा की तुमची डाय वीस मायक्रॉन चुकली तर पार्ट रिजेक्ट होतो. इथे चूक पाकिटात बंद होते, गाडीत बसते, रस्त्यावर जाते आणि तीन-चार वर्षांनी, पूर्ण चार्ज करून लावलेली असताना, रात्री उठते.

म्हणून ही तीन कामं करून घ्या. चासी नंबर टाकून त्या गाडीवर काही रिकॉल बाकी आहे का ते अधिकृत वर्कशॉपकडून लेखी घ्या. बॅटरीची आठ वर्षांची वॉरंटी नव्या मालकाच्या नावावर होते का ते विचारा. आणि गाडी जवळजवळ पूर्ण चार्ज करून, रात्रभर न हलवता ठेवून, सकाळी त्यांच्या यंत्रावर १०८ गटांचे व्होल्ट काढा. एकूण आकड्याकडे बघू नका, सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा गट यांच्यातलं अंतर बघा. बाकी १०७ एका ओळीत आणि एकच मागे रेंगाळत असेल, तर रंग कितीही सुंदर असो, नमस्कार करून परत या.

डिझेलभक्त
रविवार, रात्री ९.४०

ताई, हे वाचल्यावर मी तरी घेणार नाही. त्यापेक्षा आपल्या महिंद्राची एक्सईव्ही ९ई काय वाईट? ७९ किलोवॅट-तास, तीस लाखांच्या आसपास.

लोकमान्यनगरची
रविवार, रात्री १०.००

डिझेलभक्तांनी इलेक्ट्रिकची शिफारस केली, तारीख लिहून ठेवा! वाईट मुळीच नाही. त्यात एलएफपी, म्हणजे लोह-फॉस्फेटचे सेल आहेत. त्याच वजनात ऊर्जा कमी मावते, पण तापल्यावर ते आय-पेसमधल्या एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) सेलइतके भडकत नाहीत. आणि ती १७५ किलोवॅटनं चार्ज घेते, आय-पेस १००नं. मधल्या काही वर्षांत केवढं अंतर पडलं बघा. आय-पेसवाल्यांनी जो खर्च केला त्याचा फायदा नंतरच्यांना झाला.

माणिकबागवाली
सोमवार, सकाळी ७.५०

माझी छोटी इलेक्ट्रिक आहे, तिच्यावरून एक सांगते. राजवाड्याजवळ संध्याकाळी माणसं रस्त्यावरच चालतात, मागे बघत नाहीत, कानावर विसंबून असतात. आवाज नसलेली गाडी आली की दचकतात आणि वर मलाच ओरडतात. आय-पेसला ताशी २० किलोमीटरपर्यंत बाहेर ऐकू जाणारा आवाज मुद्दाम दिला आहे आणि तो ठरवताना अंध लोकांसाठी कुत्रे तयार करणाऱ्या ब्रिटनमधल्या संस्थेबरोबर चाचण्या घेतल्या होत्या. आत शांतता विकायची आणि बाहेर आवाज बनवायचा, मजाच आहे. राजवाड्याला मात्र त्याचा उपयोग शून्य, तिथे हॉर्नच चालतो.

वायरमनकाका
सोमवार, सकाळी ११.१५

घाटाचं कुणी बोललं नाही. महूकडून जामघाट उतरणारे असतील त्यांच्यासाठी. गाडी, माणसं, सामान मिळून २,४०० किलो धरा. दर शंभर मीटर उतारामागे ०.६५ किलोवॅट-तास ऊर्जा सुटते. डिझेल गाडीत ती ब्रेकच्या चकत्यांत जळते. गणपती घाटात ट्रकांचे ब्रेक का जायचे ते इंदूर-धामनोद करणाऱ्याला सांगायला नको. इथे मोटर जनरेटर होते, पाय उचलला की ०.४ जीपर्यंत, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या ०.४ पटीपर्यंत, गाडी अडवते, ब्रेकला हातही लावावा लागत नाही.

पण घाटाच्या वरच्या तोंडाला शंभर टक्के चार्ज करून उतरायला लागू नका! भरलेल्या हंड्यात पाणी ओतता येत नाही. बॅटरी वीज घेत नाही, मोटर अडवत नाही, आणि चोवीसशे किलोंचा सगळा भार साध्या ब्रेकवर येतो. सवय मोटरची, वेळेला ब्रेकच नीट दाबला जात नाही. ऐंशीवर थांबा, खाली उतरेपर्यंत आपोआप भर पडते.

भियाजी
सोमवार, दुपारी १२.००

काका, तुम्ही खरंच निवृत्त झालात का?
राऊकर, पिथमपूरच्या त्या मोठ्या ट्रॅकवर नेऊन मेहुण्याची गाडी पळवून बघा की. २०० खरं का खोटं कळेल.

राऊकर
सोमवार, रात्री ९.२५

नॅट्रॅक्स म्हणता, गाड्यांच्या चाचणीचा ट्रॅक. तिथे आपल्याला कोण सोडतं, तो गाड्या बनवणाऱ्यांसाठी आहे. ११.३ किलोमीटरचा गोल, चार लेन, जून २०२१मध्ये सुरू झाला. आय-पेसच्या विकासाच्या वेळी तो नव्हताच. पण इलेक्ट्रिक गाडी घडवणाऱ्याला त्याची किंमत वेगळी आहे. वळणं इतकी कलती की ताशी २५०लाही स्टीअरिंग धरून ओढावं लागत नाही. म्हणजे एकच वेग तासन्‌तास धरता येतो. एक सेकंद जोर दाखवणं कुठल्याही मोटरला जमतं, अर्ध्या तासानं तोच जोर उरतो का, की तापून मोटर हात आखडते, ते अशा गोलावर कळतं. साध्या हायवेवर ते मोजता येत नाही, मधे बैल येतो.

राऊकर
शुक्रवार, रात्री १०.०५

मंडळी, निकाल. ताईंनी सांगितलं तसं केलं. गाडी गुरुवारी संध्याकाळी चार्ज करून ठेवली, आज सकाळी वर्कशॉपमध्ये आकडे काढले. १०८ गटांत सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा यांच्यात ९ मिलिव्होल्टचं अंतर. रेंगाळणारं कुणी नाही. मी तो कागद दोनदा वाचला, मेहुण्यानं एकदाही नाही. रिकॉल काही बाकी नाही, तसं लेखी घेतलं. वॉरंटी नावावर होईल, तेही लेखी. मागच्या डाव्या दारावर ओरखडा आहे. ॲल्युमिनियमचं दार म्हणून त्याच्या ओळखीच्या डेंटिंगवाल्याला हातोडी घेऊन मी जवळही फिरकू देणार नाही.

ताई, तुमचं काय मत?

लोकमान्यनगरची
शुक्रवार, रात्री १०.३०

९ चांगलं आहे. घ्या. पण रोजचं चार्जिंग ऐंशीपर्यंतच. आणि सहा महिन्यांनी हाच कागद पुन्हा काढा, दोन कागद शेजारी ठेवल्याशिवाय बॅटरी काही सांगत नाही.

राऊकर
शनिवार, सकाळी ९.००

घेतली. आता काका, तुमचं काम. वॉलबॉक्स (भिंतीवरचा घरचा चार्जर) ७.४ किलोवॅटचा, घर रामबागेतलं जुनं, मीटर सिंगल फेज, वायरिंग मेहुण्याच्या वडिलांच्या वेळचं. लोड वाढवायचा अर्ज देतो आहे. अर्थिंग नवं करायचं का?

वायरमनकाका
शनिवार, सकाळी ९.४०

७.४ म्हणजे ३२ अँपिअर, रात्रभर, न थांबता. गिझर दहा मिनिटं चालतो, हा दहा तास. मीटरपासून स्वतंत्र वायर ओढ, तांब्याची, मधे सांधा नको. जास्त प्रवाह तोडणारा वेगळा एमसीबी, गळती पकडणारा वेगळा आरसीसीबी. जुन्या बोर्डातून घेतलीस तर माझ्याशी बोलू नको.

अर्थिंग आधी मोजू, मग खणू. आपली काळी माती फसवी. पावसाळ्यात ओल धरते, आकडा सुंदर येतो, माणूस खूश. मेमध्ये भेगाळते आणि इलेक्ट्रोडला सोडून मोकळी होते. उद्या सकाळी येतो. माझा अर्थ टेस्टर हातानं फिरवायचा आहे, मेहुण्याला सांग दंड मोकळे करून ठेव.